वाचकांचे प्रश्न : लताबाईंची गाणी आणि नव्याने निघालेले संच

लता मंगेशकर यांच्या चित्रपटगीतांचे जुने संच सध्या लाँग-प्ले तबकड्यांच्या आणि सीडीच्या रूपाने पुन्हा निघत आहेत. त्यांविषयी आपला अनुभव कळवावा, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. निपाणीपासून नंदगडपर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली असून त्यांत कौतुकापेक्षा तक्रारीचा सूर अधिक आहे. त्या तक्रारींपैकी काही रास्त आहेत, तर काही गैरसमजातून निर्माण झालेल्या आहेत. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

आमच्या घरी ‘महल’ची लाखेची तबकडी आजोबांच्या वेळेपासून आहे. मुलाने वाढदिवसाला दीदींच्या जुन्या गाण्यांचा नवा संच आणून दिला. त्यात खरखर अजिबात नाही, परंतु आवाज काचेपलीकडून आल्यासारखा वाटतो. दोष माझ्या कानांचा की संचाचा? (एक वाचक, निपाणी)

दोष आपल्या कानांचा नसावा. लाखेच्या तबकडीवरची खरखर ध्वनीच्या वरच्या पट्ट्यात ऐकू येते आणि गायिकेच्या ‘स’, ‘श’ यांसारख्या अक्षरांतली सळसळ, घुंगरांचा नाद व व्हायोलिनची झिलई हीदेखील त्याच पट्ट्यात असते. संगणकावर खरखर पुसणाऱ्याचा हात जरा जड झाला, की तिच्याबरोबर आवाजाची कडही पुसली जाते आणि आपण म्हणता तशी मध्ये काच उभी राहते.

‘महल’चेच उदाहरण घेऊ. ‘आएगा आनेवाला’ या गाण्याच्या आरंभी आवाज दुरून हळूहळू जवळ यायला हवा होता. त्यासाठी आपण मायक्रोफोनपासून दूर उभे राहून गायला सुरुवात केली आणि गात गात त्याच्याकडे चालत आलो, ही आठवण लताबाईंनी पुढे सांगितलेली आहे. म्हणजे ते अंतर कोणत्या यंत्राने निर्माण केलेले नव्हते. ते त्या खोलीच्या हवेत होते. नव्या संचात खरखर पुसून वर हळू भाग मोठा आणि मोठा भाग हळू करून सगळी पातळी एकसारखी केली, तर चालत येणारी ती बाई पहिल्या ओळीलाच आपल्या कानाशी येऊन उभी राहते. नवा संच विकत घेण्यापूर्वी शक्य असल्यास एवढी सुरुवात ऐकावी. बाकीचा संच कसा असेल याचा अंदाज तेवढ्यावरून येतो.

मात्र याच विषयावर चिकोडीच्या एका वाचकाने खरखरीची बाजू घेऊन लिहिले आहे, की ती चुलीच्या धुरासारखी असून तिच्यावाचून भाकरीला चव येत नाही. उपमा मला आवडली, मत मात्र पटले नाही. १९४९ साली दुकानातून कोरी तबकडी घरी नेणाऱ्या माणसाला एवढी खरखर ऐकू येतच नव्हती. तिच्यातला मोठा भाग पुढच्या वर्षांत बोथट सुयांनी आणि धुळीने घातलेला आहे. तेव्हा जुने म्हणून सगळेच जपावे असेही नाही. चांगले काम करणारा माणूस टकटक आणि खरबरीत चरे तेवढे काढतो आणि तळाशी असलेली बारीक सळसळ राहू देतो. तबकडी आणि संच ही दोन्ही आपण ठेवावीत, आणि मुलाला ही तक्रार सांगू नये, असा माझा आगाऊ सल्ला आहे.

चित्रपटात ऐकलेले कडवे नव्या संचात नाही. कंपनीने ते कापले, असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे, आणि त्यावर आमची पैज लागली आहे. (एक वाचक, खानापूर)

आपले शेजारी बहुधा पैज हरतील. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असे आणि तिच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावत असे. पडद्यावरचे गाणे त्याहून लांब असेल, तर एखादे कडवे गाळून किंवा मधले वाद्यसंगीत आखडून ते तबकडीसाठी लहान करीत आणि पुष्कळदा त्यासाठी ते पुन्हा गाऊनही घेत. त्यामुळे चित्रपटातले गाणे आणि तबकडीवरचे गाणे ही कित्येकदा दोन निरनिराळी गायने असतात. नवे संच काढणारे बहुधा तबकडीवरचे गाणे घेतात. गाळणूक झाली असेल तर ती त्याच काळात झालेली असते.

याला लागूनच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४९ साली ‘बरसात’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या गाण्यांचा ‘अल्बम’ अस्तित्वातच नव्हता; बाजूला एक गाणे अशा सुट्या तबकड्या होत्या. त्या एकत्र करून लाँग-प्ले निघाली ती फार नंतर. म्हणून त्या काळच्या चित्रपटांच्या नव्या संचांवर ‘मूळ अल्बमचे पुनर्मुद्रण’ असे छापलेले दिसले, की मला हसू येते.

याच्या उलट प्रकार ‘पाकीजा’चा आहे. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ साली वारले आणि चित्रपट प्रदर्शित झाला १९७२ साली. त्यांनी बांधलेली जी गाणी पडद्यावर आली नाहीत, त्यांची ‘पाकीजा रंग-ब-रंग’ ही स्वतंत्र लाँग-प्ले १९७७ साली निघाली. ‘पाकीजा’चा नवा संच घेताना त्यात केवळ चित्रपटातली गाणी आहेत की ही राहिलेलीही आहेत, हे वेष्टनावर पाहून घ्यावे.

नव्वदच्या दशकात आम्ही ‘झंकार’ आणि ‘रिव्हायव्हल’च्या कॅसेटींवर वाढलो. आता मूळ गाणी ऐकली की ती रिकामी वाटतात. जाणकार आम्हाला हसतात. (एक वाचिका, शहापूर, बेळगाव)

हसू द्यावे. लताबाईंच्या मूळ मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीत मुद्रित झालेल्या, गायनाखाली नवा ताल आणि नवा वाद्यमेळ घालून या कॅसेटी तयार होत आणि एसटीच्या प्रवासात, हॉटेलात, लग्नाच्या मांडवात त्याच वाजत. खडे बाजारात यादी दिली, की कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देत. मीही तशा भरून घेतल्या आहेत, आणि त्यांत झंकारवाली गाणी नव्हती असे खोटे सांगणार नाही. तरीही नंतर चढवलेला ताल लताबाईंच्या श्वासाला धरून चालत नाही. त्या शब्द किंचित लांबवतात तेथे मूळ तबलावादक त्यांच्याबरोबर थांबलेला असतो, आणि यंत्रावरचा ताल पुढे निघून जातो. आठ-दहा दिवस केवळ मूळ गाणी ऐकावीत. रिकामी वाटणारी जागा त्या थांबण्याचीच आहे, हे कानाला आपोआप उमगते.

एकच जुने गाणे इतक्या वेगवेगळ्या कंपन्या कशा विकतात? (एक वाचक, संकेश्वर)

आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९४९ सालच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क २००९ अखेर संपला. शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र निराळे असून ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात. स्वस्तातल्या संचांवर गीतकाराचे नाव नसते, ही आपली दुसरी तक्रार मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. ‘महल’च्या मूळ तबकडीवर गायिकेऐवजी पडद्यावरच्या पात्राचे, ‘कामिनी’ असे नाव होते. ती चूक सुधारली गेली, आणि आता संगणकावरच्या याद्यांत गीतकार गळू लागला आहे. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ला (१९६५) लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. नव्या संचावर ते नाव आणि त्याच्याखाली खुलासा, असे दोन्ही असावे; केवळ ‘लता मंगेशकर’ लिहिल्यास ती नामावळीची मोडतोड होते.

दीदींनी आमच्या भागातल्या वीरावरच्या कन्नड चित्रपटात गायले आहे, असे वडील सांगत. मराठी संचात ते का नाही? (एक वाचक, नंदगड)

आपले वडील बरोबर सांगत. ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ (१९६७) या चित्रपटात लताबाईंचे ‘बेळ्ळने बेळगायितु’ हे कन्नड गीत आहे. रायण्णाची संगोळ्ळी बैलहोंगल तालुक्यात, आणि त्याला फाशी दिली ती आपल्याच नंदगडात. संच काढणारे भाषांनुसार गठ्ठे बांधतात. माझ्या कपाटातल्या एकाही मराठी किंवा हिंदी संचात हे गाणे नाही. आपल्याकडच्या घरांत रेडिओ धारवाड आणि सांगली या दोन्ही केंद्रांवर फिरत असे, ही गोष्ट मुंबईत बसून यादी करणाऱ्याला ठाऊक असायचे कारण नाही. ती कळवण्याचे काम आपण वाचकांनीच केले पाहिजे.

अडगळीत लाखेच्या तबकड्यांची पेटी सापडली. काहींवर पांढरी बुरशी आहे. नव्या फोनोवर वाजवू का? (एक वाचिका, खानापूर)

घाई करू नये. नव्या फोनोची सुई लाँग-प्लेसाठी असते. लाखेच्या तबकडीची खाच तिच्या सुमारे तिप्पट रुंद असते. त्यामुळे सुई तळाशी जाऊन कचऱ्यावरच घासत राहते. ७८ फेऱ्यांची गती आणि तिची वेगळी सुई मिळाल्याशिवाय वाजवू नये. स्पिरिट किंवा अल्कोहोल मुळीच लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसावे आणि मधले लेबल भिजू देऊ नये. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. आपल्याकडच्या पावसात कोरडे दिवस मिळेपर्यंत त्या नव्या पाकिटांत घालू नयेत, नाहीतर बुरशी पुन्हा धरेल.