पुस्तकाच्या शिवणीत जाणारा चेहरा

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावात शिक्षिका आहे. गेल्या आषाढात आमच्या शेतातील रोप लावणीचे छायाचित्र मी मोबाइलवर काढले. भर पावसात इरली पांघरून वाकलेल्या सात बायकांची ती ओळ आहे आणि मधोमध माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत. अनेक छायाचित्रकार मिळून काढत असलेल्या एका कलापुस्तकासाठी ते निवडले गेले आहे. संयोजक ते समोरासमोरच्या दोन पानांवर छापणार आहेत. त्यांनी मूळ फाइल मागितली असून ‘सर्व हक्क देत आहे’ अशा संमतिपत्रावर सहीही मागितली आहे. मी काय करावे?

उत्तर : छायाचित्र आनंदाने द्यावे, मात्र त्या संमतिपत्रावर आहे तशी सही करू नये. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार स्वतःहून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क सामान्यतः काढणाऱ्याचाच असतो आणि ते पुस्तकात छापण्यासाठी संयोजकांना परवानगी पुरते, मालकी लागत नाही. तेव्हा ‘या पुस्तकाच्या या आवृत्तीत माझ्या नावासह छापण्यास परवानगी देत आहे, अन्य वापरासाठी मला विचारावे’ असा मजकूर आपण सुचवावा. पुस्तकाच्या जाहिरातीसाठी त्यांना छायाचित्र हवे असेल, तर तेही त्यात वेगळे लिहून घ्यावे. संयोजकांवर अविश्वास दाखवण्याचा यात प्रश्न नाही. बहुतेकदा असा मसुदा कुठून तरी जसाच्या तसा उचललेला असतो आणि विनंती केल्यास तो बदलता येतो.

मला खरी काळजी दोन पानांची वाटते. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. आपल्या मोबाइलची मूळ फाइल ४००० बाय ३००० पिक्सेलची असेल, तर ती सुमारे तेरा इंच रुंदीपर्यंत नीट छापली जाईल. दहा इंची दोन पानांना मात्र ६००० पिक्सेल लागतील. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे फोटो म्हणून पाठवल्यास तो आणखी लहान होतो, म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जाड पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि पानांच्या मधला भाग शिवणीत जातो. सात जणींच्या ओळीत मधली चौथी, म्हणजे नेमक्या आपल्या जाऊबाई. त्यांचाच चेहरा तिथे दुमडला जाईल. एकाच पानावर, वरखाली कोरी जागा सोडून छायाचित्र छापावे, असा आग्रह आपण जरूर धरावा. छायाचित्र लहान झाले तरी बायकांची ओळ अखंड राहील. छपाईपूर्वीचा नमुना पाहण्याचीही मागणी करावी, कारण पावसाळी उजेडातला भाताचा हिरवा रंग पडद्यावर दिसतो तसा कागदावर उतरेलच असे नाही.

छायाचित्राखालची ओळ आपण स्वतः लिहून द्यावी. ‘शेतकरी स्त्रिया, कर्नाटक’ एवढ्यावर समाधान मानू नये. गाव, तालुका, महिना आणि रोप लावणी हा शब्द त्यात असावा. इंग्रजी वा कन्नड मजकुरातही ‘इरले’ हा शब्द तसाच ठेवून, बांबूच्या कामट्या आणि पानांचे ते पावसाळी आच्छादन असल्याचे पुढे सांगता येईल.

आणि फाइल पाठवण्याआधी त्या सातही जणींना विचारावे. छायाचित्राची कागदावर प्रत काढून न्यावी, ते कुठे छापले जाणार हे सांगावे आणि छायाचित्राखालच्या ओळीत आपले नाव हवे की नको, हे प्रत्येकीला ठरवू द्यावे. एखादीने नको म्हटले, तर दुसरे छायाचित्र निवडावे.