हवामान केंद्र असलेल्या विद्यापीठातच शिकावे का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले, तेव्हापासून हवामानशास्त्रच शिकायचे असे तिने ठरवले आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठाच्या आवारात हवामान केंद्र आहे. तसे केंद्र असेल तेथेच प्रवेश घ्यावा, असे तिचे म्हणणे आहे. परदेशी पाठवणे आम्हाला परवडणार नाही. आपल्याकडे अशी सोय कोठे आहे?
— एक पालक, सयाजीगंज, वडोदरा

उत्तर : आपल्या कन्येचा आग्रह मला रास्त वाटतो. नॉर्मन येथील त्या केंद्रात विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग, तीव्र वादळांचे अंदाज देणारे सरकारी कार्यालय आणि वादळांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा 2006 पासून एकाच छताखाली असल्यामुळे, सकाळी वर्गात शिकलेले समीकरण दुपारी खऱ्या अंदाजात कसे वापरले जाते, हे विद्यार्थ्याला जवळून पाहता येते.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारे ठिकाण कोची येथे आहे. तेथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग असून, आवारातच वाऱ्याचा उभा वेध घेणारे मोठे रडार आहे. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात हवामानशास्त्र आणि समुद्रशास्त्र एकत्र शिकवले जाते. पुण्यात विद्यापीठाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि 1962 मध्ये स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था तेथून जवळच, पाषाणला आहे. मराठी घरातील मुलीला पुणे सोयीचे पडेल, हेही आहेच.

वडोदऱ्याहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या आणंदच्या कृषी विद्यापीठातही वेधशाळा आहे, व तेथून शेतकऱ्यांना आठवड्यातून दोनदा हवामान सल्ला दिला जातो. मात्र तेथील कृषी हवामानशास्त्राची वाट साधारणपणे कृषी पदवीतून जाते, हे प्रवेश घेण्यापूर्वी नीट लक्षात घ्यावे. तिला पिकांपेक्षा ढगांची आणि पुराची ओढ असेल, तर ती वाट तिची नाही.

बारावीनंतर लगेच हवामानशास्त्राचीच पदवी शोधत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या देशात हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. तिने सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे, गणिताला दुय्यम लेखू नये आणि सोबत संगणकावर आज्ञावली लिहिण्याचा सराव ठेवावा. हवा हे वाहते द्रव्य आहे. तिचे वाहणे, तापणे, निवणे विकलक समीकरणांतून मांडले जाते, आणि ती समीकरणे सोडवणारा संगणकच अंदाजाचा पाया आहे. नुसत्या आवडीवर प्रवेश घेतलेली मुले पहिल्याच सत्रात येथे अडखळतात. पुढे एम.टेक. करायचे ठरले, तर गेट परीक्षेत अभियांत्रिकी विज्ञान विषयाखाली वातावरण व समुद्रविज्ञानाचा विभाग निवडता येतो.

केंद्र पाहायला जाल तेव्हा रडारचा आकार पाहून भारावू नका. विद्यार्थी स्वतः नोंदी घेतात का, आणि रोजचा अंदाज लिहून दुसऱ्या दिवशी तो पडताळून पाहतात का, एवढे विचारा. मी शिकत असताना एकदा मुसळधार पावसात पर्जन्यमापकापर्यंत न जाता अंदाजानेच आकडा लिहिला होता. आमच्या शिक्षकांनी ती वही माझ्यासमोर ठेवली, आणि त्या एका खोट्या आकड्यामुळे महिन्याची बेरीज कशी बिघडते ते माझ्याकडूनच काढून घेतले. यंत्रापेक्षा ती शिस्त मोलाची असते, असे मी तेव्हापासून मानतो.

ती सवय तिला आजच लावता येईल. अंगणात, झाड व भिंत यांपासून दूर साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजावा आणि तो त्याच सकाळच्या तारखेला लिहावा. हवामान खात्याचे चोवीस तास साडेआठलाच पुरे होतात. मध्यरात्रीपासून मोजल्यास तिची नोंद आणि खात्याचा आकडा जुळणार नाही.