मोडेमला हसा, चिठ्ठीला नको

प्रश्न : परवा रविवारी मुलाला 'वॉरगेम्स' दाखवायला बसलो, एक शाळकरी पोरगा खेळ समजून लष्कराच्या कॉम्प्युटरमध्ये घुसतो आणि खरं अणुयुद्ध पेटायची वेळ येते तो पिक्चर. मी कॉलेजात असताना व्हिडिओ कॅसेटवर बघितलेला आणि तेव्हा जाम टरकलो होतो. कार्टं पंधरा मिनिटांत फिदीफिदी हसायला लागलं, हिरो फोनचा रिसीव्हर त्या मोडेमच्या, म्हणजे फोनलाइनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्यावर ठेवतो ते बघून. मलाच ओशाळल्यासारखं झालं. टेक्नॉलॉजी बिघडल्याचे हे जुने थ्रिलर आता बघण्यात काही राम आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हसू दे की, १९८३ चा पिक्चर आहे, मोडेमला हसू येणारच. पण त्याला एक विचारा, तो पोरगा शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये घुसतो कसा? काही ग्रेट हॅकिंग बिकिंग नाही, ऑफिसातल्या टेबलात पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असते ती वाचतो, बस. आणि लष्कराच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड काय, तर बनवणाऱ्याच्या वारलेल्या मुलाचं नाव! आता तुमच्या ऑफिसात जरा नजर फिरवा आणि मग हसा.

मला तर हा पिक्चर आता जास्त भीतीदायक वाटतो, कारण तेव्हा मला वाटायचं की हे सगळं लेखकाच्या डोक्यातून आलंय. तसं नव्हतं हो. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या नोराडमध्ये, म्हणजे मिसाइलवर नजर ठेवणाऱ्या सेंटरमध्ये, सरावाचा डेटा चुकून चालू सिस्टिममध्ये गेला आणि स्क्रीनवर रशियाचा मोठा हल्ला दिसायला लागला, विमानं पण उडवली, मग रडारवाल्यांना विचारलं तर आकाश रिकामं. पुढच्या जूनमध्ये परत तेच, यावेळी एक फालतू चिप खराब झालेली. म्हणजे मशीनला वेड लागलं वगैरे काही नाही, मशीनने जे मिळालं ते इमानदारीत दाखवलं. पिक्चरमधला कॉम्प्युटर पण दुष्ट नाहीच, त्याला खेळ आणि खरं यातला फरकच कोणी शिकवलेला नसतो. शेवटी तो फुली-गोळा खेळून शहाणा होतो, ते मात्र जरा गुळगुळीतच झालंय, मला नाही पटत.

अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 'वॉरगेम्स' बघून आपल्या सेनाप्रमुखांना विचारलं होतं, असं खरंच होऊ शकतं का? जनरल आठवड्याने चौकशी करून आले आणि म्हणाले, प्रॉब्लेम तुम्हाला वाटतो त्याहून वाईट आहे. १९८४ मध्ये कॉम्प्युटर सुरक्षेचा सरकारी आदेश निघाला.

सगळेच जुने थ्रिलर असे टिकत नाहीत हं, बरेचसे नुसते लुकलुकणारे दिवे आणि आरडाओरडा. पण 'द चायना सिंड्रोम' बघा, अणुभट्टीचा अपघात दाखवणारा तो पिक्चर १६ मार्च १९७९ ला लागला आणि बाराव्या दिवशी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची खरी अणुभट्टी बिघडली.

आणि मुलाला पुढच्या रविवारी १९९५ चा 'द नेट' लावून द्या. नायिकेची ओळखच कॉम्प्युटरमधून पुसून टाकतात, फ्लॉपीसाठी मारामाऱ्या होतात, तिथे तो हसेल. पण सुरुवातीला ती घरबसल्या कॉम्प्युटरवरून पिझ्झा मागवते, आम्ही तेव्हा आ वासून बघितलेलं, त्याला मात्र त्या सीनमध्ये बघण्यासारखं काय आहे हेच कळणार नाही.