जे कॉलेजातच शिकता येतं

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सीईटीला चांगले पर्सेंटाइल आले याचा फार आनंद झाला. पुण्यातल्या नव्या खासगी कॉलेजात 'एआय अँड डेटा सायन्स' मिळण्यासारखं आहे, तर तेच घ्यावं असं तुझ्या वडिलांचं म्हणणं. तुझा ओढा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीकडे नाहीतर सांगलीच्या वालचंदकडे, आणि तिथे इलेक्ट्रिकलकडे. 'इलेक्ट्रिकल घेऊन मी मागे पडेन का?' असं तू विचारलं आहेस.

नाही पडणार. इलेक्ट्रिकल घे. कारणं जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुला ती वडिलांपुढे मांडता येतील.

ब्रँच निवडताना मी मुलांना एकच गोष्ट तपासायला सांगतो: यातलं काय घरी बसून शिकता येईल आणि काय कॉलेजच्या लॅबशिवाय येणारच नाही? पायथन, डेटाबेस, मशीन लर्निंगची सुरुवात हे लॅपटॉप आणि इंटरनेटवर होतं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर फुकट आहेत. पण अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, बसबारला (चालू वीजपुरवठ्याच्या जाड पट्ट्यांना) जोडायचा, तर तो समोर फिरताना दिसायला हवा. स्विचच्या दोन बाजूंमध्ये जोडलेले तीन दिवे एकदम मंद होत जातात, पुन्हा उजळतात, आणि ते पूर्ण विझतात त्या क्षणी स्विच मारायचा असतो. फेज, फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज जुळणं म्हणजे काय, हे त्या एका प्रॅक्टिकलमध्ये जितकं कळतं तितकं पुस्तकाच्या दहा पानांत कळत नाही. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट, रिलेचं टेस्टिंग, हाय व्होल्टेज लॅब हे घरात मांडता येत नाही. चार वर्षं आणि एवढा पैसा घालायचा, तर जे दुसरीकडे मिळत नाही ते कॉलेजकडून घ्यावं.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे. शेतावरच्या पंपाच्या स्टार्टरची कॉइल जळाली की वायरमनची वाट न बघता तू मेन बंद करून, झाकण उघडून बघायला बसतेस. ती आवड खरी आहे. त्या आवडीवर चार वर्षांची सबमिशन आणि ओरल निभावतात.

कॉम्प्युटर सोपं आहे किंवा त्याचे दिवस गेले, असं मात्र मला म्हणायचं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर, कॉम्प्युटर आर्किटेक्चर हे खोल विषय आहेत आणि त्यांना चांगला शिक्षक लागतोच. तुझ्या एखाद्या मैत्रिणीला त्यातच रस असेल तर तिने बेलाशक कॉम्प्युटर घ्यावं. फक्त नव्या नावाच्या ब्रँचपेक्षा साधं 'कॉम्प्युटर इंजिनिअरिंग' आधी बघावं आणि दोन्हींचा चार वर्षांचा सिलॅबस शेजारी ठेवून वाचावा. तो कॉलेजांच्या वेबसाइटवर असतो आणि तरी तो उघडून बघणारी मुलं फार थोडी.

नव्या कॉलेजाबद्दल माझी काळजी निराळी आहे. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांना एका ब्रँचमध्ये किती जागा ठेवायच्या यावरची वरची मर्यादा काढली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा ठिकठिकाणी वाढल्या. जागा एका वर्षात वाढवता येतात, शिक्षक तसे मिळत नाहीत. नियमाने वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. तेव्हा तिथे जाऊन विचार: या विभागात कायम शिक्षक किती, आणि त्यांतले पीएच.डी. किती? दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचार की प्रॅक्टिकल खरंच होतात की नुसती जर्नलं लिहून घेतात. हेच कराडला आणि सांगलीलाही विचार. शासकीय किंवा जुनं नाव आहे म्हणून सूट देऊ नकोस.

प्लेसमेंटच्या जाहिरातीत सगळ्यात मोठं पॅकेज ठळक छापतात. ते एका मुलाचं असतं. तू मीडियन बघ, म्हणजे सगळे पगार ओळीने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते: किती मुलं वेळेत पास झाली, कितींना नोकरी लागली, मीडियन पगार किती, उच्च शिक्षणाला किती गेली. एकाच मुलाला तीन ऑफर मिळाल्या तर जाहिरातीत त्या तीन धरल्या जाऊ शकतात, म्हणून माणसं मोज. दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था आहेत: नॅकची श्रेणी पूर्ण कॉलेजची असते, एनबीएची मान्यता ब्रँचनिहाय असते. तुझ्या ब्रँचला ती आहे का, तेवढंच तुझ्या कामाचं.

आता 'मागे पडण्या'बद्दल. कोयनेचं धरण तुझ्याच तालुक्यात आहे, त्याच्या पाण्यावर १,९६० मेगावॅटचा प्रकल्प चालतो. आज सौरऊर्जा वाढते आहे, ती दुपारी भरपूर येते आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी संपते. ती तूट भरायला कोयनेसारखी धरणं, घाटघरसारखे पाणी पुन्हा वर चढवणारे प्रकल्प आणि मोठ्या बॅटऱ्या लागतात. सोलर पॅनल आणि बॅटऱ्या ग्रिडशी, म्हणजे वीजजाळ्याशी, जोडणारे इन्व्हर्टर, इलेक्ट्रिक गाड्यांचे मोटर कंट्रोलर आणि चार्जर हे सगळं पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. या कामाला माणसं लागणार आहेत, आणि मी नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती घेतो तेव्हा हा विषय नीट आलेली मुलं मला कमीच भेटतात.

दारं कुठून कुठे उघडतात तेही बघ. इलेक्ट्रिकल शिकून सॉफ्टवेअरमध्ये गेलेली मुलं प्रत्येक बॅचला असतात. उलट वाट जवळजवळ बंद आहे. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम या चारच शाखांत होते. महापारेषण या राज्याच्या वीजवहन कंपनीत सबस्टेशन सांभाळायला इलेक्ट्रिकलचीच पदवी मागतात. गेट या इंजिनिअरांच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या सरकारी कंपन्या भरती करत आल्या आहेत. डेटा सायन्सची गोडी असेल तर अठरा-वीस जादा क्रेडिट घेऊन त्याची मायनर (मुख्य ब्रँचसोबतचा जोडविषय) करता येते का ते कॉलेजात विचार. इलेक्ट्रिकल येणारी आणि डेटाही हाताळणारी मुलगी मला लगेच हवी असेल.

एआय नोकऱ्या खाईल ही भीती तुझ्या वडिलांनाही आहे, म्हणून तर ते एआय घे म्हणतात. मला वाटतं, साचेबंद कोड लिहिण्याचं काम कमी होईल आणि ज्यांचं गणित कच्चं आहे त्यांना झळ बसेल, मग ब्रँच कोणतीही असो. पहिल्या वर्षाचं एम-१, एम-२ (गणिताचे पेपर) केवळ पास होण्यापुरतं करू नकोस. केटी लागली नाही एवढ्यावर समाधान मानू नकोस.

पुढे जर्मनीत शिकण्याचं विचारलंस. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे पैसे (२०२५ मध्ये ११,९०४ युरो) ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. तिसऱ्या वर्षी बघू. तोवर गुण सांभाळ.

कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या, यांचा ऑप्शन फॉर्म भरताना कट-ऑफ बघून क्रम लावू नकोस, मनातल्या पसंतीने लाव. अवघड कॉलेज वर टाकल्याने खालचं जात नाही. पण पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तीच जागा तुझी, बेटरमेंट (पुढच्या फेरीत आणखी चांगली जागा मिळवणं) नाही. २०२५ च्या नियमांत दुसऱ्या फेरीला पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीला पहिले सहा पर्याय असेच बांधलेले होते. म्हणून जिथे खरोखर जायचं नाही ते नाव वर नको. यंदाचं माहितीपत्रक वडिलांना शेजारी बसवून वाच.

पैशाचं ओझं तुझ्या मनावर आहे हे मला कळतं. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप राउंडमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत जाते. कोणी 'सीट आत्ताच पक्की करून टाका, नंतर बघू' म्हणालं तर वडिलांना सही करू देऊ नकोस.

तुम्ही ओबीसीत आहात, तेव्हा जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला लागेल. नॉन-क्रिमीलेअरची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत असायला हवी, जुनं असेल तर याच आठवड्यात पाटणला सेतू केंद्रात अर्ज टाका. कराड आणि सांगलीचं विश्रामबाग (वालचंद तिथेच आहे) दोन्ही ठिकाणं बघून आलीस की पर्यायांची यादी कागदावर लिहून मला पाठव. फॉर्म कन्फर्म करण्याआधी एकदा बोलू. वडिलांनाही फोनवर बसव.

तुझा,
काका