सैल बांधा, तिरपं झोपा

विचारा की, बाई! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : बाई, मी ३४ वर्षांचा, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. दिवाळीच्या बोनसमधून ऑनलाइन हॅमॉक मागवला, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायचा झुला, पॅराशूटच्या कापडाचा. तंबूत पाठीला दगड टोचून घेण्यापेक्षा हे बरं, असं व्हिडिओ बघून वाटलं. घरामागच्या दोन नारळांना बांधून बघितलं तर त्यात केळ्यासारखा वाकतो, मान अवघडते, अर्ध्या तासात उतरावं लागतं. बायको म्हणते, पैसे पाण्यात गेले. जानेवारीत दोघा मित्रांबरोबर चोर्ला घाटाच्या बाजूला, जमलं तर भीमगडच्या रानात एक रात्र काढायचा विचार आहे. थंडीसाठी स्लीपिंग बॅग आहेच. हे वाकणं कसं घालवायचं? आणि रानात काय काय बघायचं, तेही सांगा की.
– एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : पैसे कुठंही गेलेले नाहीत, बायकोला सांगा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैजेवर सांगते, तुम्ही तो झुला कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ बांधला असणार. पहिल्यांदा सगळेच तसं करतात. मीही केलं, आणि मी तर २९ वर्षं खानापूर तालुक्यात पोरांना विज्ञान शिकवलेली बाई.

रिटायर झाले त्या डिसेंबरातली गोष्ट. जांबोटीजवळ दादाची जमीन आहे. थोडं भात, बाकी काजू आणि बांधाला आंबे-फणस. भाच्यानं पुण्याहून हॅमॉक आणून दिलेला. मी पडवीतली नायलॉनची दोरी घेतली, एक टोक काजूला, एक आंब्याला, आणि दोघांनी लोंबकळून ताणून बांधलं. वहिनी दारात उभी. म्हणाली, "एवढं घर सोडून झाडाला लटकायला तुम्ही काय वटवाघूळ आहात का वन्सं?" (वटवाघळांना आमच्याकडे कमी लेखू नये. भीमगडच्या बारापेडे गुहांतलं राउटनचं वटवाघूळ कितीतरी वर्षं जगात फक्त तिथंच माहीत होतं.) असो. रात्री दहाला झोपले तेव्हा जमिनीपासून दोन फूट वर होते. बाराला जाग आली तेव्हा बूड पाचोळ्यात. नायलॉन ताणतो, दंवानं भिजला की आणखी ताणतो, हे पुस्तकात वाचलेलं. पण ते माझ्या अंगाखाली होईल असं वाटलं नव्हतं. सकाळी बघते तर दोरीनं काजूची साल करवतीसारखी कापलेली. दादा काही बोलला नाही, नुसतं त्या खाचेवरून बोट फिरवलं. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

आता तुमच्या केळ्याकडे येऊ. नववीच्या वर्गात मी एक खेळ घ्यायची. दोन दांडगी पोरं, हातात विहिरीचा दोर, दोराच्या मध्यावर पाण्यानं भरलेली बादली. "ओढा रे, दोर सरळ करून दाखवा." पोरं लालबुंद व्हायची, दोर काही सरळ व्हायचा नाही. जितका सरळ करायला जावं तितका जोर भलताच वाढतो. झुल्यात त्या बादलीच्या जागी तुम्ही असता. झुला झाडाला बांधायचा पट्टा जमिनीच्या पातळीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ७० किलोच्या माणसामुळं दोन्हीकडच्या पट्ट्यांवर प्रत्येकी साधारण ७० किलोचाच ताण येतो. तोच कोन १० अंशांवर आणला की प्रत्येक पट्ट्यावर २०० किलो. म्हणजे ताठ बांधल्यानं झुला सपाट तर होत नाहीच, उलट पट्टा, गाठ आणि झाड यांचा जीव जातो, आणि कापडाच्या दोन्ही कडा वर येऊन तुम्हाला भेंडीसारखं मिटून टाकतात.

तेव्हा सैल बांधा. मुलाच्या कंपासपेटीतला ३०-६०चा गुण्या घ्या, त्याचा ३० अंशांचा कोन पट्ट्याशी धरून बघा; मी तेच करते, लोक हसले तर हसू दे. झाडांमधलं अंतर १२ ते १५ फूट, पट्टे साधारण डोक्याच्या उंचीवर, आणि बसल्यावर झुला खुर्चीएवढा, म्हणजे जमिनीपासून दीड फूट. त्याहून उंच नको. पडलात तर पडण्यासारखं पडाल. झुल्याच्या दोन टोकांमध्ये वरून एक न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून टाकली तर कुठंही गेलात तरी झोळ तोच राहतो. तिची लांबी झुल्याच्या लांबीच्या ८३ टक्के धरतात. १० फुटी झुल्याला सुमारे ८ फूट ४ इंच. त्याच दोरीला बॅटरी, चष्मा, पायमोजे अडकवता येतात.

आणि मग तिरपं झोपायचं. ही एवढी एक गोष्ट कळली की बाकी चुकलं तरी झोप लागते. झुल्याच्या मधोमध, लांबीच्या रेषेत झोपाल तर केळंच होणार. आधी मध्यावर बसा, पाठीमागचं कापड हातानं पसरा, आडवे व्हा, मग डोकं वीतभर उजवीकडे आणि पाय वीतभर डावीकडे सरकवा (किंवा उलटं, ज्याची त्याची सवय). कापड एकदम पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. मला हे तिसऱ्या रात्री अपघातानं कळलं, कूस बदलताना. रागच आला, आधी कुणी सांगितलं नाही म्हणून. पायाकडचं टोक डोक्याकडच्यापेक्षा वीतभर उंच ठेवा, नाहीतर रात्रभर पायांकडे घसरत राहाल. तुम्हाला कंबरेचं जुनं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. माझी कंबर धड आहे, तिच्यावरून तुमच्या कंबरेचं मी सांगणार नाही.

झाडाला बांधायला दोरी वापरू नका. ट्रकवाले माल आवळतात तसला पॉलिएस्टरचा पट्टा, किमान एक इंच रुंद, दोन असेल तर उत्तम. दंवानं तो नायलॉनसारखा सैलावत नाही आणि सालही कापत नाही. झाड जिवंत आणि निदान मांडीएवढं जाड हवं. बांधायच्या आधी मान वर करून बघा : वाळकी फांदी नको, निलगिरी नको (ती फांद्या कधी टाकेल नेम नाही), आणि ते तुमचे दोन नारळ तर नकोच नको. ३४व्या वर्षी डोक्यात नारळ पडून जायचं काही कारण नाही.

थंडीचं तुम्ही एका वाक्यात उरकलंय. पण पहिली रात्र फसते ती बहुतेक इथंच. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्यातल्या फुगलेल्या हवेमुळं. झुल्यात तुमच्या वजनानं पाठीखालचा भाग दबून कागदासारखा होतो, आणि खाली जमीन नाही, नुसता वारा. वरून घाम, खालून बर्फ. जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १२-१३ पर्यंत उतरतो. घरात ती थंडी गोड वाटते, झुल्यात पहाटे चारला मूत्रपिंडांना कुणी ओला हात लावतंय असं वाटतं. मी आधी घोंगडी अंगाखाली घेतली. ती दर कुशीला गोळा होऊन एका बाजूला जायची. मग फोमची चटई घेतली. ती चालते, स्वस्त आहे, पहिल्या रात्रीसाठी तुम्हीही तीच घ्या, फक्त खांद्याशी रुंदी कमी पडते.

शेवटी उपाय सापडला तो आईच्या ट्रंकेत. तिच्या हातची वाकळ, सात-आठ जुन्या लुगड्यांची, धावदोऱ्याचे टाके अजून शाबूत. ती झुल्याच्या आत न घेता बाहेरून, खाली टांगली. वाकळेच्या दोन्ही आखूड बाजूंना नेफे शिवले, त्यांत परकराच्या नाड्या ओवल्या, नाड्या चुण्या पाडून आवळल्या आणि झुल्याच्या दोन टोकांना बांधल्या. म्हणजे झुल्याखाली दुसरा झुला. आता वाकळेवर वजन पडत नाही, त्यामुळं ती दबत नाही. पाठीला नुसती टेकेल एवढीच वर घ्यायची; खाली फट राहिली तर वारा शिरतो, फार आवळली तर पुन्हा दबते. हे जुळवायला मला अर्धा तास आणि वहिनीची मदत लागली. ती खाली उकिडवी बसून हात घालून सांगत होती, "इथं गार लागतंय, इथं नाही." त्या रात्री सहापर्यंत झोपले. वाकळ सुती असल्यानं दंवानं जड होते, म्हणून वर ताडपत्री हवीच. पट्ट्यावर झुल्याच्या अलीकडे सुतळीचा एक तुकडा बांधून लोंबता सोडा, पाणी पट्ट्यावरून आत येण्याऐवजी तिथूनच टपकतं. मच्छरदाणीही लागेल. वाकळ नसेल तर डास पातळ कापडातून खालूनही चावतात, कुठं ते विचारू नका.

आता रान. भीमगड २०११पासून अभयारण्य आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, राहायचं तर नाहीच. चोर्ल्याच्या वाटेवर रस्त्याकडेला मोकळं रान दिसतं म्हणून ते कुणाचंच नाही असं समजू नका. खानापूरच्या जंगलात अस्वलं आहेत, गवे आहेत, बिबटे आहेत. झुल्यात गुंडाळलेल्या माणसाला पटकन उठता येत नाही, पळायचं तर सोडाच.

आणि जनावरांपेक्षा मला भीती आहे ती गोचिडीची. माकडताप ऐकून असाल. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६च्या सुमाराला आपल्या शेजारी दोडामार्गात त्यानं गावंच्या गावं आडवी केली होती. रोग गोचिडीच्या चाव्यातून येतो, आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमच्या सहलीचा. झुल्यात तुम्ही वर असता हे खरं, पण चढता-उतरताना पाय पाचोळ्यातच ठेवता. पँट मोज्यात खोचा, झोपण्याआधी एकमेकांचे पाय, कंबर, काखा तपासा (मित्र असेच ओळखावेत), मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर अचानक सणकून ताप आला, डोकं फुटायला लागलं तर डॉक्टरांना "रानात झोपलो होतो" हे आपणहून सांगा.

म्हणून माझं ऐकाल तर पहिली रात्र अंगणात, दुसरी कुणातरी पाहुण्याच्या मळ्यात, मालकाला विचारून आणि घराच्या हाकेच्या अंतरावर. तिघांपैकी कुणाचं तरी आजोळ जांबोटी-कणकुंबीकडे असेलच की. पहाटे थंडी असह्य झाली तर आत जाऊन चुलीपाशी बसता येतं. मी पहिल्या रात्री तेच केलं. वहिनीनं एका शब्दानं न बोलता चहाचं आधण ठेवलं.

प्रश्न : बाई, माझी मुलगी कॉलेजला आहे. तिनं झुल्याचा हट्ट धरलाय. विकतचा कशाला, सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा झुला बांधू म्हणते. आमच्याकडे रोप लावणीला बायका झाडाला साडीची झोळी बांधून पोरं निजवायच्याच. मग हिला का चालणार नाही?
– एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : झोळीत पाच-सहा किलोचं बाळ असतं, ताई. तुमची मुलगी ५० किलोची असेल, आणि ती बसताना धपकन बसणार. जुनं लुगडं घडीवर विरलेलं असतं. उजेडात धरलं तर रेघा दिसतात, पण अंगाखाली फाटेपर्यंत कळत नाही. गाठीशी तर आधीच जातं. माझ्या शाळेतल्या एका मुलीनं असाच झुला चिंचेला बांधला होता. माकडहाड दुखावलं, महिनाभर उशी घेऊन बाकावर बसली.

विकतचाच घ्या, किती वजनाला आहे ते बघून. नऊवारी मात्र टाकू नका. तिच्याबरोबर आणखी सहा-सात जुन्या साड्या काढा आणि मुलीला वाकळ शिवायला बसवा, साधारण साडेपाच फूट बाय चार. आखूड बाजूंना नेफे सोडायला सांगा. नाड्या रुंद घ्या, अरुंद नाड्यांच्या गाठी दंवानं भिजल्या की सकाळी दातांनी सोडवाव्या लागतात.