एझला पहिल्यांदा जाताय? आधी एवढं वाचा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस आणि मोनॅकोच्या मधे एझ आहे. तिथे जाणारे हमखास एका गोष्टीत फसतात: रेल्वे स्टेशन अगदी समुद्राकाठी आणि जुनं गाव सरळ वर, ४०० मीटरहून उंच सुळक्यावर. दोन्ही जोडणारी पायवाट तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाची आहे. चांगली तासाभराची खडी चढण, पायाखाली सुटे दगड, दुपारी सावली फारशी नाही. माझं ऐकाल तर नीसहून बसने वर जा आणि ही वाट उतरताना घ्या. समुद्र सतत समोर राहतो. चपला मात्र नकोत, बूटच घाला.

सकाळी लवकर पोहोचा. दहानंतर त्या बोळांत खांद्याला खांदा लागतो. लवकर गेलात तर दगडी पायऱ्यांची झिजून गुळगुळीत झालेली कड आणि भिंतीच्या फटीतून उगवलेली झुडपं निवांत बघता येतात. दुकानांत रेंगाळू नका, थेट माथ्यावर जा. चौदाव्या लुईच्या हुकुमावरून १७०६ मध्ये पाडलेल्या किल्ल्याचे अवशेष तिथे आहेत आणि त्यांच्याभोवती निवडुंगांची बाग. तिकीट लागतं, पण ते जरूर काढा.