वाचकांचे प्रश्न : सोसायटीतल्या डॉग शोचे नियम

थंडीची चाहूल लागली की ठाण्यात आणि नवी मुंबईत सोसायट्यांच्या मैदानांवर हौशी डॉग शो भरू लागतात. प्रवेशशुल्क बेताचे, आणि जमलेले पैसे जखमी किंवा बेवारस प्राण्यांच्या उपचाराला. ब्रिटनमध्ये अशा शोची जुनी प्रथा आहे. तिथे त्यांना कम्पॅनियन डॉग शो म्हणतात, नावनोंदणी त्याच दिवशी जागेवर होते आणि नफा धर्मादाय कामाला जातो. आपल्याकडे बहुतेक आयोजक पहिल्यांदाच हे करत असतात, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत तक्रारींचा भरणा जास्त. त्यांतली काही पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या शोमध्ये ‘सर्वोत्तम गावठी’ असा गट होता. पहिला नंबर एका मुधोळला दिला. रस्त्यावरून उचलून आणलेली चार कुत्री रिकाम्या हाताने परतली. हे बरोबर आहे का? (घोडबंदर रोड, ठाणे)

बरोबर नाही. पण चूक परीक्षकाची नाही, फलकाची आहे. मुधोळ ही जुनी, नीट ओळखली जाणारी जात आहे. २००५ साली टपाल खात्याने कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. पण ‘गावठी’, ‘देशी’, ‘इंडी’ हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि नेमका तिथेच घोळ होतो. मुधोळच्या मालकाने ‘देशी म्हणजे भारतीय’ असा अर्थ लावला तर त्याचे काही चुकले नाही.

गटाचे नाव काहीही ठेवा, त्याखाली एका ओळीत व्याख्या लिहा. उदाहरणार्थ : ‘रस्त्यावरून, शेल्टरमधून किंवा कुणाकडून दत्तक घेतलेला, ठरावीक जातीचा नसलेला कुत्रा.’ मुधोळ, पश्मी, राजापालयम, कोंबई यांच्यासाठी ‘भारतीय जाती’ असा वेगळा गट करा. चारपेक्षा कमी नोंदी आल्या तर तो ‘सर्व जाती’ गटात मिसळा, गावठीत नको. लॅब्रडॉरचा क्रॉस (संकर) कुठे जाईल तेही आधीच ठरवा. कागद मागू नका, मालकाचा शब्द घ्या. मात्र खोटी माहिती दिल्यास नंबर रद्द होईल, हे फॉर्मवर छापा.

आता गावठी गटाचा निकाल कसा लावायचा? केनेल क्लब ऑफ इंडियाच्या (स्थापना १८९६) चॅम्पियनशिप शोमध्ये परीक्षक प्रत्येक कुत्र्याची तुलना त्याच्या जातीच्या लिखित मानकाशी करतो. गावठीला असे मानक नाही. म्हणून परीक्षकाने तब्येत आणि वागणूक पाहावी. तळहात बरगड्यांवरून फिरवला की बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. वरून पाहिले तर कंबर दिसावी. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, केसांत गोचीड नाही, चाल मोकळी. आणि मालकाने नाव घेतले की कान तिकडे वळतात का, हे बघावे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला छोटी खाच असते. ती भूल दिलेल्या अवस्थेत, ओळख म्हणून केलेली खूण असते. ‘कान फाटलेला’ म्हणून त्याचे गुण कापलेले आम्ही वाचले आहे. ती खाच म्हणजे त्या गटातल्या कुत्र्याचे ओळखपत्र आहे, तिच्यासाठी एकही गुण जाता कामा नये. जुना व्रण, तीन पाय, एक डोळा यांनाही तोच न्याय.

प्रश्न : परीक्षक म्हणून आमच्याच भागातले पशुवैद्य बोलावले होते. जिंकलेली तिन्ही कुत्री त्यांचीच पेशंट निघाली. आक्षेप घ्यावा का? (खारघर)

डॉक्टरांनी पक्षपात केला असे यावरून ठरत नाही. एका नोडमधली (म्हणजे नवी मुंबईतल्या एका उपनगरातली) निम्मी कुत्री एकाच दवाखान्यात जात असतील. तरीही ही नेमणूक टाळायला हवी होती. परीक्षकाचे स्वतःचे, घरच्यांचे किंवा त्याने विकलेले कुत्रे रिंगमध्ये नसावे, हा पहिला नियम. डॉक्टर, ग्रूमर आणि ट्रेनर यांच्याकडे नेहमी येणारी कुत्री असतील तर दुसऱ्या नोडमधला माणूस आणा. बेलापूरच्या शोला ऐरोलीचा परीक्षक, इतके सोपे आहे. गावातल्या डॉक्टरांना परीक्षकाऐवजी प्रथमोपचाराच्या टेबलावर बसवा, तिथे त्यांची खरी गरज असते.

परीक्षकाला मालकांची नावे दिसू नयेत. दंडाला किंवा शर्टाला मोठा क्रमांक लावा आणि गुणपत्रिकेवर फक्त क्रमांक ठेवा. गुणपत्रिका पेनने भरावी, रिंग सोडण्याआधी सही करून मदतनिसाच्या हाती द्यावी. आयोजकांनी त्यानंतर तिला हात लावू नये, मग प्रायोजकाचे कुत्रे चौथे का असेना.

प्रश्न : ‘शेपूट हलवा’ आणि ‘संगीत बैठक’ या दोन्ही खेळांत भांडणे झाली. नेमके नियम सांगाल का? (नेरूळ)

हे दोन्ही खेळ दिसायला सोपे आणि निकालाला सर्वांत अवघड. म्हणून थोडे सविस्तर.

शेपटीच्या स्पर्धेत पहिली चूक म्हणजे टाळ्यांवर निकाल. ज्याच्या बिल्डिंगचे तीस जण आले तो जिंकतो, आणि अचानक उठलेल्या टाळ्यांनी बुजरी कुत्री शेपूट पोटाखाली घेतात. दुसरी चूक म्हणजे खाऊ. खिशात चिकन असलेल्या मालकापुढे बिस्किटवाल्याचे काय चालणार? नियम असा ठेवा : प्रत्येक कुत्र्याला ३० सेकंद, मालक समोर उभा, फक्त आवाज आणि हात, खाऊ आणि खेळणे नाही. परीक्षक मागे दोन मीटरवर उभा राहतो, कारण समोरून शेपूट नीट दिसत नाही. आखडलेल्या, वर ताठ धरलेल्या शेपटीची झपाझप हालचाल आनंदाची असेलच असे नाही. सैल अंगाने, कंबरेपासून हलणारी शेपूट वरचढ धरा. शेपूट कापलेल्या डॉबरमनला किंवा जन्मतः आखूड शेपटीच्या कुत्र्याला इथे संधीच नसते, तेव्हा नोंदणी करतानाच त्याला दुसरा गट सुचवा.

संगीत बैठकीत गाणे थांबल्यावर शेवटी बसणारे कुत्रे बाद होते. वाद होतो तो ‘बसले’ कशाला म्हणायचे यावर. बूड जमिनीला टेकले तरच बसले. अधांतरी बूड चालणार नाही. मालकाने हाताने पाठ दाबली किंवा पट्टा वर ओढला तर ती फेरी बाद. ‘सिट’ हा शब्द कितीही वेळा म्हणावा, ओरडू नये. दहा कुत्र्यांना दहा बाय दहा मीटरचे रिंगण हवे आणि दोन कुत्र्यांत निदान दोन मीटर अंतर. बारापेक्षा जास्त नोंदी आल्या तर दोन फेऱ्या करा, छोटी आणि मोठी कुत्री वेगळी. मैदान पेव्हर ब्लॉकचे असेल तर सतरंज्या अंथरा, नाहीतर तापलेल्या फरशीवर न बसणारे शहाणे कुत्रे आधी बाद होते. कंबरेचे दुखणे असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांना या खेळात घेऊच नका. सात वर्षांपुढच्यांसाठी वेगळा ‘ज्येष्ठ’ गट ठेवा, त्यात फक्त चालायचे आणि कौतुक करून घ्यायचे. स्पीकर रिंगपासून लांब, आवाज बेताचा.

दोन्ही खेळांसाठी पट्टा दीड ते दोन मीटरचा, साधा. गुंडाळला जाणारा लांब पट्टा, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणि काटेरी कॉलर प्रवेशद्वारातच काढायला लावा.

प्रश्न : प्रवेशासाठी काय काय तपासावे? लसीचे कार्ड पुरे आहे का? (कळवा)

कार्ड बघा, पण तारीख वाचा. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला दिली जाते आणि तिचा असर धरायला तीन-चार आठवडे लागतात. परवा लस घेतलेले पिल्लू चालणार नाही. डिस्टेंपर-पार्व्हो या विषाणूजन्य रोगांच्या लसीचा शेवटचा डोस होऊनही दोन आठवडे उलटलेले हवेत. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, आणि अशा शोमध्ये प्रत्येक कुत्रे तीच माती हुंगते. सहा महिन्यांखालच्या पिल्लांना घेऊ नका, हा नियम आम्हाला सर्वांत सुरक्षित वाटतो.

महापालिकेचा श्वान परवाना बघा. खोकणारे, जुलाब झालेले, खरूज असलेले कुत्रे परत पाठवा आणि शुल्कही परत द्या. पैसे बुडतील या भीतीने लोक आजार लपवतात. हीटवर (माजावर) आलेली मादी त्या दिवशी नको. तो काळ साधारण तीन आठवडे चालतो, आणि एक अशी मादी आली की रिंगमधल्या सगळ्या नरांचे लक्ष उडते. त्यात बाकीच्यांवर अन्याय होतो.

प्रश्न : माझा कुत्रा मझल (चावू नये म्हणून तोंडाला घालायचे आवरण) घालून आला म्हणून ‘धोकादायक’ ठरवून बाहेर काढला. (वाशी)

उलट, मझल घालणारा मालक जबाबदार असतो. जाळीचा मझल असेल, कुत्रे तोंड उघडून धापू आणि पाणी पिऊ शकत असेल, तर त्याला आत घ्यावे. तोंड आवळणारा कापडी मझल मात्र उन्हात घातक, तो नको. बाहेर काढायचे ते वागणुकीवरून : दुसऱ्यावर झेप घेतली, गुरगुरत राहिले, किंवा घाबरून थरथरत असेल तर. घाबरलेल्याला बाहेर काढणे ही शिक्षा नसते, हे मालकाला समजावून सांगा.

प्रश्न : मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यात शो घ्यायचा आहे. सकाळी दहाची वेळ चालेल का? (ऐरोली)

नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्या. अगदीच मे हवा असेल तर सकाळी साडेसहाला सुरू करून साडेआठला आवरा. हाताची पालथी बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून बघा. चटका बसला तर कुत्र्याच्या पंजालाही बसतो. खाडीकाठच्या दमट हवेत धापून अंग थंड होत नाही, आणि पग, बुलडॉग, शिह त्झू यांचे हाल तर लवकर होतात.

फॅन्सी ड्रेस असेल तर कपडे अंगावर जास्तीत जास्त पाच मिनिटे. कानाला इलॅस्टिक नको, केसांना रंग नको, डोके-कान झाकणारी टोपी नको. जीभ टोकाशी रुंद होऊन लोंबली, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ दोरीसारखी लोंबू लागली, तर कपडे तिथेच काढा. सावलीत न्या, पोटावर आणि मांड्यांवर साधे थंड पाणी ओता, पंख्याने वारा घाला. कुत्र्याचे तापमान एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. १०४ च्या वर गेले तर आधी थंड करा आणि मग दवाखान्यात न्या.

प्रश्न : पैशांचा हिशेब कसा ठेवावा? (कोपरी, ठाणे)

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा हवा, कुणा सभासदाच्या मोबाइलचा नको. नोंदणीकृत ट्रस्ट नसताना देणगी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाशी आधी बोला. गणेशोत्सव मंडळांना हे ठाऊक असते. पावतीपुस्तक क्रमांकाचे. प्रवेशशुल्क ही देणगी नव्हे, त्यावर देणगीची आयकर सवलत सांगू नका. आणि दोन हजारांपुढची रोख देणगीही त्या सवलतीत बसत नाही. तिकिटे विकून सोडत काढणे टाळा, ते लॉटरीच्या कायद्यात अडकते. मंडप, स्पीकर, रोझेट (बक्षिसाचे रिबिनीचे फूल) यांचा खर्च आधी वजा करून उरलेली रक्कम त्याच संध्याकाळी जाहीर करा.

बक्षीस रोख नको. रोझेटवर नंबर छापा, कारण ब्रिटनमध्ये पहिला नंबर लाल आणि अमेरिकेत निळा, नुसत्या रंगावरून इथे गोंधळ होतो.

प्रश्न : मैदानात राहणारी चार भटकी कुत्री आहेत. शोच्या दिवशी ती उचलून दुसरीकडे सोडावीत, असे काही सभासद म्हणतात. (सीवूड्स)

तसे करू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्यांना नसबंदी आणि लसीनंतर जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते, हलवायचे नसते. ती जागा त्यांची आहे, आणि बाहेरची चाळीस कुत्री आली की ती राखायला उठणारच. त्यांना रोज खायला घालणाऱ्या व्यक्तीला आठवडाभर आधी भेटा. मैदानाच्या दूरच्या टोकाला, दुसऱ्या गेटजवळ, रोज थोडे थोडे पुढे सरकवत खाऊ घालायला सांगा. शोच्या दिवशी तिथेच पोटभर खायला घाला आणि ती व्यक्ती शो संपेपर्यंत त्यांच्याजवळ बसू दे. रिंगभोवती नुसती दोरी पुरत नाही, कमरेएवढी हिरवी जाळी बांधा, म्हणजे नजरानजर टळते.

तरी चावाचावी झालीच तर माणसाची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. चावणारे कुत्रे ओळखीचे असेल तर दहा दिवस नजरेखाली ठेवा. हे लिहिलेला कागद नोंदणीच्या टेबलावर चिकटवलेला असावा, साबणाची वडी आणि पाण्याचा कॅन त्याच टेबलाखाली.